पेटीच्या झाकणावरची लेबलं

लातूर, १५ जुलै १९९७

ती. अकरमभाईस, बानोचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावर अजून सुरतचाच पत्ता पाहून मी ते दोनदा उलटंसुलटं केलं. भिवंडीत पाच महिने, हैदराबादेत तीन, आणि सुरतेत साड्यांच्या घड्या घालत चक्क सातवा महिना! तब्येत बरी आहे ना तुझी?

इथे क्लासमध्ये एका बाकावर पाचजणी बसतो. दर सोमवारी चाचणी, मंगळवारी दारावर नंबर. मी साठात बाविसावी. खाणावळीच्या धोंडाबाईंचं वरण इतकं पातळ, की त्यात तोंड बघून वेणी घालता येते.

हो, काल इंजेक्शन झालं. बाटलीचं लेबल पुराव्याला सोबत जोडलंय. मागच्यासारखंच अर्धं निघालं, उरलेलं चिकटून राहिलं.

तुझी, बानो


सुरत, २१ जुलै १९९७

चि. बानोस, अकरमचा सलाम व अ. आ.

सातवीत शाळा सोडलेल्या भावाला फसवणं सोपं, असं वाटलं व्हय तुला? बाई, मी दिवसभर साड्यांचे काठ जुळवून राहिलो. तुझी सगळी लेबलं माझ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवलेली हायेत, ओळीनं. जूनच्या अर्ध्या तुकड्याशेजारी जुलैचा ठेवला, तर दोन्ही फाटक्या कडा अशा बसल्या जशी मोडलेली भाकर. एकाच बाटलीचं लेबल दोनदा! शेजारच्या खाटेवरच्या यासेरला दाखवलं. तो म्हणाला, तुझी बहीण सुरतेत लई चालंल, एका साडीच्या दोन करून विकंल.

हसणं झालं. आता ऐक. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात तुझा घसा दुखायचा, अम्मी मिठाच्या गुळण्या करवायची. मग गुडघा सुजला. तो उतरला तर कोपर, कोपर उतरलं तर घोटा. मी म्हणायचो, हिचं दुखणंबी माझ्यासारखंच, एका जागी टिकत न्हाई. मग नांदेडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि माझं हसू गेलं. हृदयाच्या झडपेला इजा, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, तेबी वर्षानुवर्षं. चुकलं तर पुढचा घाव त्याच झडपेवर, असं ते म्हणाले, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत व्हतीस. मी न्हाई.

खरं सांग, जुलैचं घेतलं का?

तुझा भाई, अकरम


लातूर, २७ जुलै १९९७

ती. भाईस, गुन्हेगार बानोचा सलाम.

नाही घेतलं. जूनचं लेबल सोडवताना फाटलं, दुसरा तुकडा वहीत राहिला होता, मोह झाला. तिसरा सोमवार इंजेक्शनचा आणि चाचणीही सोमवारीच. टोचल्यावर दोन दिवस कंबर धरते. पाचजणींच्या बाकावर एका कुशीवर बसून गणितं सोडवून बघ एकदा. खोलीतली जगदेवी विचारते, लंगडतेस का गं. त्यात खाणावळीत कुणीतरी म्हणालं की छातीचं दुखणं असलेल्या मुलीला मेडिकलला घेत नाहीत. खरंखोटं माहीत नाही, पण मला दवाखान्याच्या पायरीवर कुणी पाहायला नको.

आणि भाई, शास्त्र मी शिकते, तू नाही. घशातल्या जंतूच्या अंगावरची खूण आपल्या हृदयाशी, सांध्यांशी मिळतीजुळती असते. म्हणून जंतूला मारायला उठलेली आपलीच फौज आपल्यावर उलटते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बरं. पण तीन वर्षं माझा घसा दुखलेला नाही. जंतूच नाही, तर इंजेक्शन कुणाला? बारावी झाली की सगळी घेईन. अम्मीला कळवू नकोस, ती औशाहून स्टोव्हसकट इथे राहायला येईल.

बानो


सुरत, २ ऑगस्ट १९९७

चि. बानोस, अ. आ.

तुझं शास्त्र वाचलं. सगळं समजलं न्हाई, पण जेवढं समजलं तेवढं तुझ्यापेक्षा जास्त.

मदतीत आलेली पट्ट्यापट्ट्यांची ब्लँकेटं आठवतात? सगळ्या गावाला एकाच ठाणातली. तसलंच पांघरून एक चोर शेडांतली भांडी उचलून गेला. गावच्या पोरांनी पहारा बसवला, चोराला धरून धुतला. बरोबरच केलं. पण त्यांच्या डोक्यात ते ब्लँकेट बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा तेच पांघरून नळावर गेले आणि पोरांनी त्यांना आडवं केलं. आयुष्यभर गाद्यांचा कापूस पिंजणारा माणूस स्वतःच पिंजला गेला. चोर तोवर ठाण्यात बसून चहा पिऊन राहिला व्हता. पोरं वाईट न्हवती गं. आपलीच व्हती, आपल्यासाठीच जागत व्हती. पण अब्बांचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात न्हाई.

तू विचारतेस, चोर न्हाई तर पहारा कशाला. अगं येडे, इंजेक्शन म्हंजे पहारा न्हाई, ते येशीचं फाटक हाय. चोर आत आला न्हाई तर पोरं काठ्याच उचलणार न्हाईत. तीन वर्षं घसा दुखला न्हाई तो फाटक बंद व्हतं म्हणून. आणि एका बाकावर पाचजणी, एकीचा खोकला दुसरीच्या तोंडावर. क्लास म्हंजे आपलं शेडच की!

मेडिकलचं डॉक्टरलाच विचार. खाणावळीत डॉक्टर जेवत न्हाईत.

आता माझं खरं. वापीहून बोलावणं आलंय. पेटी भरली व्हती, तुझ्या तुकड्यासाठी परत उघडली. सौदा कर. जोवर पुरं लेबल येतंय, तोवर मी पत्ता बदलणार न्हाई. अम्मीला आठ दिवस सांगत न्हाई. नववा दिवस माझ्या हातात न्हाई.

अकरम


लातूर, ८ ऑगस्ट १९९७

ती. भाईस, सलाम वि. वि.

काल, गुरुवारी, गेले. जगदेवीला सगळं सांगून टाकलं, तर ती सोबतच आली. रस्ताभर मला ‘ब्लँकेटवाली’ म्हणत होती. डॉक्टर आधी पोटभर रागावले, मग छाती तपासली. झडपेचा आवाज आहे तेवढाच आहे, वाढलेला नाही. मेडिकलचं विचारलं. म्हणाले, तू आधी मार्क आण, चिठ्ठी लिहायला मी बसलोय.

आता दर तिसरा गुरुवार, म्हणजे चाचणीची भानगड नाही. कंपाउंडरने बाटली कोमट पाण्यात ठेवून लेबल सोडवून दिलं. पुरं आहे, चारी कोपरे मोजून घे. एका कुशीवर बसून लिहितेय, म्हणून अक्षर तिरपं.

बानो


सुरत, १४ ऑगस्ट १९९७

चि. बानोस, अ. आ.

चारी कोपरे मोजले. यासेर म्हणतो, आता तुझं सुरतेत चालायचं न्हाई.

जुलैचा तुकडा झाकणावरून काढला. ती जागा रिकामीच ठेवलीय. पेटी उघडली की तिथंच नजर जाती. जाऊ दे. वापीवाल्याला न्हाई म्हणून कळवलं. त्यानं कारण विचारलं, तर म्हणालो, माझा पत्ता सध्या कामावर हाय.

पुढचा गुरुवार अठ्ठावीस तारखेला. लोभ तर हायच, तो दर एकवीस दिवसांनी ताजा करावा. झाकणावर अजून लई जागा हाय. ते भरलं तर पेटीचं बूड रिकामंच पडलंय.

तुझा भाई,
अकरम