अकरावी वस्तू

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्रीची एसटी.

निर्णय पक्का. बंजारा तांड्यावरच्या शाळेत हे माझं सातवं आणि शेवटचं वर्ष. मागच्या सहाही वर्षी हेच लिहिलं होतं, पण तेव्हा प्लॅनिंग नव्हतं.

नवोपक्रमाचं परिपत्रक आलंय. ज्या शिक्षकाचा उपक्रम निवडला जाईल त्याला यवतमाळला प्रशिक्षणाच्या कामावर घेणार. यवतमाळ! घरून चालत पंधरा मिनिटं. अनघा दहावीला आहे आणि तिचा बाप फुलसावंगीच्या भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातची करपलेली पोळी खातो. शनिवारी दोन एसट्या बदलून घरी, रविवारी परत. आजही पोरगी भूमितीचं प्रमेय घेऊन आली तेव्हा मी पिशवी भरत होतो. पुढच्या रविवारी नक्की, म्हटलं.

विषय ठरला: सहावीचा इतिहास, जगातल्या पहिल्या संस्कृती. माझा हातखंडा विषय.

१८ नोव्हेंबर

मेसोपोटेमिया, इजिप्त, हडप्पा आणि चीन, चारही एका तासात संपवले. सहावी-सातवी एकत्र बसतात; पटावर चौदा, हजर नऊ. बाकीची कापूस वेचायला. फळ्यावर लिहून दिलं: माणूस नदीकाठी एका जागी स्थिरावला, शेती करू लागला आणि संस्कृती सुरू झाली.

उज्ज्वलाने हात वर केला. या मुलीचा हात वर गेला की मी फळा पुसायला लागतो. विचारते, सर, जे एका जागी राह्यलेच नाई, त्यायची संस्कृती सुरू नाई झाली काय? तिचा पणजोबा म्हणे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा.

म्हटलं, प्रश्न छान आहे, उद्या सांगतो. पुस्तकात उत्तर नाही.

१९ नोव्हेंबर

उज्ज्वलाला कालचं उत्तर हवं होतं. ते दिलं नाही म्हणून दुसरा प्रश्न. हडप्प्याचा माल जहाजात बसून मेसोपोटेमियाला गेला, बरं. पण जहाजापर्यंत कोणं नेला? बादलने मागून री ओढली की माल आपल्या पायानं तं नसन गेला. अख्खा वर्ग हसला.

उद्या सांगतो, म्हटलं. शिस्त ढासळली आहे. व्याख्यानाने होणार नाही, काहीतरी भव्य पाहिजे.

२० नोव्हेंबर. सकाळी सहा.

सुचलं! उत्खनन!

शाळेच्या आवारात अकरा प्राचीन वस्तू गुपचूप पुरायच्या आणि मुलांनी त्या खोदून काढायच्या. उपक्रम तपासायला येणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत पाच हजार वर्षं बाहेर येतील. जिल्ह्यात कोणालाच सुचलं नसेल.

वस्तू: एक मडकं, दोन पणत्या, एक ताटली, बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या, तुटलेल्या माळेचे मणी, दोन बांगड्या, कडाप्प्याची दोन चौकोनी वजनं, मातीचा बैल (शाळेच्या कपाटात धूळ खात पडला होता). झाल्या दहा. अकरावी सगळ्यांत महत्त्वाची, हडप्प्याची मुद्रा. दगड कोरायचा प्रयत्न केला, बोट कापलं. मग आंघोळीचा नवा साबण घेतला आणि ब्लेडने कोरला. सुरेख! मुद्रेवरचा बैल जरा डुकरासारखा दिसतो, पण पाच हजार वर्षांत झीज होणारच.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

घरी गेलो नाही. सरकारी काम आहे, असं कुंदाला कळवलं. तिने एवढंच सांगितलं की अनघा प्रमेयाची वही उघडून बसली होती. मोठ्या कामासाठी त्याग करावा लागतो.

अकराही वस्तू पुरल्या. आठ समोरच्या मैदानात, तीन पाण्याच्या टाकीमागे. टाकीमागच्या तिन्हींसाठी नकाशा काढला. नकाशा बिनचूक. सगळी अंतरं एका पक्क्या खुणेपासून: कुंपणाला लागून उभी असलेली तांड्यावरच्या धावजीची बंडी. दिवाळीपासून ही बैलगाडी तसूभर हललेली नाही. टाकीपासूनच मोजता आलं असतं, पण तसं कोणीही मोजेल.

कोणीही पाहिलं नाही. शेजारच्या वावरात सात-आठ बाया कापूस वेचत होत्या, पण त्या आपल्या कामात होत्या.

२४ नोव्हेंबर

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मानीबाईने आल्या आल्या विचारलं, गुरुजी, कंबर दुखून राह्यली असन, तेल आणू काय? हिला कसं कळलं? वय दिसायला लागलं असावं. दुपारी तांड्याचे नाईक किसनसिंग डोकावले. शाळेत आलू लावले काय, अशी चौकशी करून हसत गेले. मी साळसूदपणे नाही म्हटलं. सिक्रेट पक्कं आहे.

३ डिसेंबर

उत्खनन सुरू. भिंतीवर अकरा वस्तूंचा चित्रतक्ता लावला. मुलं खुरपी घेऊन सरळ जागेवर गेली आणि अर्ध्या तासात आठ वस्तू बाहेर! एक खड्डा वाया नाही. याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी. सातवीच्या ममताने मात्र खोदण्याआधी शेजारच्या वावरात वेचणाऱ्या आपल्या याडीला, म्हणजे आईला, काहीतरी विचारून घेतलं. आईशी सल्लामसलत, चांगला संस्कार.

गालबोट एकच. बैल निघाल्याबरोबर शाम ओरडला, हा तं माह्या पोळ्याचा बैल हाये! पुराव्याशिवाय बोलू नये, अशी समज दिली. त्याने बैल उलटा करून पोटावर कोरलेलं स्वतःचं नाव दाखवलं. विषय बदलला.

हजेरी चौदापैकी चौदा. सात वर्षांत पहिल्यांदा. वेचणी सोडून आली. फोटो चांगले आले.

४ डिसेंबर

टाकीमागच्या तीन राहिल्या. नकाशा खिशातून काढला, सात पावलं मोजायला निघालो. बंडी नाही! धावजी कापूस घेऊन बाजाराला गेला म्हणे. परत आला, बैल सोडले आणि बंडी लावली घराशी. मी संतापून विचारलं, हलवली काहून? तो म्हणतो, बंडी हाये जी, चालाले असते.

ज्या माणसांचे पूर्वज सगळा जन्म चालत राहिले, त्यांच्या गाडीवर मी विश्वास ठेवला. चूक त्यांची.

१३ डिसेंबर

बावीस खड्डे. निष्पन्न काही नाही. बाविसाव्यात मी पडलो. मानीबाईने तेल आणून दिलं. या वेळी घेतलं.

१९ डिसेंबर

दोन दिवस अवकाळी पाऊस. टाकीमागे पाणी तुंबलं. बादल धापा टाकत आला, सर, जमिनीले फेस आला! पाहिलं तर खरंच पांढरा फेस, आणि वासही बरा. जमिनीतल्या क्षारांचा परिणाम असतो, असं वर्गाला समजावलं. विज्ञानही करून घेतलं एका फटक्यात.

उज्ज्वला फेसात बोट बुडवून वास घेत बसली होती. काय गं, विचारलं, तर म्हणाली, काही नाई जी. पहिल्यांदा या मुलीला प्रश्न पडला नाही. माझं समजावणं पोचलं.

२७ डिसेंबर

मराठीच्या तासाला अर्जलेखन. मायना, विषय, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं घोटून घेतलं. मुख्य सूत्र तीनदा लिहायला लावलं: अर्जात कारण असं द्यावं की समोरच्याला नाही म्हणताच येऊ नये. माझ्या बदलीच्या सहा अर्जांतून आलेलं हे ज्ञान आहे. मुलं कधी नव्हे इतकं मन लावून लिहीत होती.

६ जानेवारी

साहेब आले!

माझं भाषण सोळा मिनिटं. साहेब घड्याळ पाहत होते, म्हणजे वेळेचं भान असलेले गृहस्थ. मग त्यांनी विचारलं की तक्त्यावर अकरा वस्तू, टेबलावर आठ, तीन कुठे? मी तक्त्यासमोर जाऊन उभा राहिलो.

उज्ज्वला उठली. म्हणाली, साहेब, बंडी गेली पण तिची जागा नाई गेली. साहेबांना टाकीमागे घेऊन गेली. बंडी महिनाभर जिथे उभी होती तिथे चाकांखालची जमीन दबलेली होती, आणि गाडी निघाली तशी चाकोरी कुंपणाबाहेर गेलेली. धावजीला बोलावून तिने चाकाची जागा पक्की करून घेतली आणि माझ्या नकाशाप्रमाणे तिथून सात पावलं मोजली. मडकं निघालं. दुसऱ्या बाजूला पाच, ताटली निघाली. साहेब म्हणाले, ही मुलगी जमीन वाचते.

मी नम्रपणे मान झुकवली. शेवटी शिष्या कोणाची?

मुद्रा तेवढी निघाली नाही. साहेबांनी शेरा दिला, ‘अत्युत्कृष्ट. अकरावी वस्तू मिळताच पूर्ण अहवाल पाठवावा.’ किरकोळ बाब.

१९ जानेवारी

ऑर्डर आली! यवतमाळ! एक फेब्रुवारीपासून!

कुंदाला फोन केला. आधी खरं वाटलं नाही, मग रडली. अनघाने निरोप दिला की प्रमेयाचं पान दुमडून ठेवते.

शाळेत पेढे वाटले. मुलांनी घेतले, पण खाल्ले नाहीत, हातात धरून बसली. मानीबाई भांडी घासायला म्हणून गेली ती आलीच नाही. नाईकांना विचारलं, तुम्हाला आनंद नाही झाला? ते म्हणाले, तुमाले झाला ना गुरुजी, बस झालं. लोकांना दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही.

२३ जानेवारी

बादल, शाम, उज्ज्वला आणि नाईक आज शाळेत किंवा तांड्यावर नाहीत. कुठे तरी लग्न असेल.

सामान बांधलं. हजेरी पाहिली, तीन डिसेंबरपासून एकही मूल वेचणीला गेलेलं नाही. नव्या गुरुजींना आयता वर्ग मिळणार. नशीबवान माणूस.

२८ जानेवारी. दुपार.

घात झाला.

वरून पत्र आलं. ‘उपक्रम अपूर्ण आहे. विद्यार्थ्यांचा अर्ज विचारात घेता, अकराही वस्तूंचा अहवाल प्राप्त झाल्याशिवाय संबंधित शिक्षकास कार्यमुक्त करू नये.’ सोबत अर्जाची प्रत. अक्षर उज्ज्वलाचं. उतरवून ठेवतो.

‘विषय: आमच्या सरांना न सोडणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की आमच्या सरांनी जमिनीत अकरा वस्तू पुरल्या. दहा निघाल्या. एक अजून जमिनीत आहे. ज्याने पुरली त्यालाच ती काढता येईल. तसेच सर उद्या सांगतो म्हणाले ते प्रश्न सतरा झाले आहेत. यादी सोबत जोडली आहे. ते सगळे ‘उद्या’ अजून यायचे आहेत. सर येण्याआधी आम्ही कापूस वेचत होतो, सर आल्यावरही वेचत होतो, पण सर खोदू लागले तेव्हापासून शाळेत येतो. तरी सरांना न्यायचे असल्यास वस्तू निघाल्यावर न्यावे ही विनंती.’

खाली चौदा सह्या, नाईकांची सही, मानीबाईचा अंगठा. मायना बरोबर, विषय बरोबर, कारण असं की नाही म्हणताच येणार नाही.

अर्ज तीनदा वाचला. दुःखाने. फक्त दुःखाने.

२८ जानेवारी. संध्याकाळ.

हार मानणार नाही! टाकीमागे स्वतः खोदायला बसलो. चाकोरीपासून पाच पावलं, सात पावलं, नऊ पावलं. किसनसिंग कुंपणावर टेकून पाहत होते. म्हणाले, गुरुजी, तुमी पुरलं त्या दिवशी वावरातल्या बायायनं आठ जागा पाह्यल्या. टाकीमागचं नाई दिसलं, नाईतर तेही लेकरायले सांगितलं असतं.

तर सगळ्यांना माहीत होतं. सिक्रेट फक्त मला माहीत नव्हतं.

सव्वाचारला मातीत गुलाबी लिबलिबीत काहीतरी हाताला लागलं. नखाएवढं. चोळलं तर फेस आला.

फेस.

एकोणीस डिसेंबरची नोंद काढून वाचली. तिथेच खड्ड्याकाठी बसून राहिलो.

२९ जानेवारी

वर्गात कबुली दिली. म्हटलं, मुलांनो, अकरावी वस्तू साबणाची होती. पावसात विरघळली. ती कधीच निघणार नाही.

कोणाला आश्चर्य वाटलं नाही. उज्ज्वला म्हणाली, आमाले फेस आला तवाच समजलं होतं जी.

मी म्हटलं, मग अर्जात काहून लिहिलंस की ती जमिनीत आहे?

ती म्हणाली, जमिनीतच तं हाये. आणि निघत नाई, म्हणून तं लिवलं.

नवीन साबण कोरता येईल, हे सुचलं. फुलसावंगीला दुकानात मिळतो. फोटो काढून पाठवला की झालं. पण मुद्रा सापडल्याची सही मुलांची लागणार, आणि ही मुलं सही करायच्या आधी वास घेतील. साहेबांना खरं कळवता येईल. म्हणजे लिहावं लागेल की जिल्ह्यातला अत्युत्कृष्ट उपक्रम धुऊन गेला.

शेवटी सतरा प्रश्नांची यादी काढली. पहिला तोच होता. जे एका जागी राह्यले नाई, त्यायची संस्कृती सुरू नाई झाली काय? खडू घेतला, फळ्यासमोर उभा राहिलो. उत्तर मला येत नव्हतं, तसं सांगितलं. मग धावजीला वर्गात बोलावलं आणि बैलावर मीठ कसं लादतात, एका दिवसात किती मजल मारतात, पाणी कुठे आहे हे कसं ओळखतात, ते त्याला विचारलं. तास संपला तरी कोणी उठेना. मी वही काढून लिहून घेत होतो.

संध्याकाळी खोलीवर बांधलेलं सामान सोडून परत लावलं. मानीबाईने भाकरी पाठवली होती, करपलेली नव्हती.

आठला कुंदाचा फोन. आवाज खुशीत. अनघाने माझं टेबल पुसून ठेवलंय, प्रमेयाचं पान अजून दुमडलेलंच आहे. रविवारी सगळं सामान घेऊनच येताय ना, तिने विचारलं.

म्हटलं, उद्या सांगतो.