गीझरवरची चिकटपट्टी

चिरंजीव,

बिल गीझरमुळेच फुगतं म्हणून तू बटणावर चिकटपट्टी मारलीस. थंडीभर मी गार पाण्याने अंघोळ केली. आज पंखा पुसायला म्हणून आपला मेन स्विच बंद केला, तर खालच्या दुकानातला इस्त्रीवाला पळत वर आला, “काकू, लाइट फक्त माझीच कशी गेली हो?” म्हटलं, अस्सं!

लगेच वायरमनला बोलावलं. त्याची इस्त्री इतके दिवस आपल्या मीटरवर तापत होती. तार तोडून घेतली. इस्त्रीवाला बिचारा कान धरून गेला. आता तुझा नंबर.

चहा थर्मासमध्ये आहे. तुला मी कधी गार दिला नाही.

चिकटपट्टी काढलीय. कढत पाण्याने अंघोळ चाललीय. दार वाजवू नकोस, मला अजिबात घाई नाही.

– आई