हरवलेल्या एक्केचाळीस

६ जानेवारी
मिळालं! धुळ्याचं प्रोजेक्ट मला मिळालं! वर्गातल्या बावीस जणांत मलाच! कोल्हे सरांनी नाव वाचलं आणि मी "अय्या!" म्हणाले — मोठ्याने — एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून! सगळे हसले. हसू देत.

काम असं: साक्रीकडच्या गावांतल्या एक्केचाळीस गरोदर बायका नोंदींतून गायब आहेत. नाव नोंदवलं, पहिली तपासणी झाली, पुढे काहीच नाही. कॉम्प्युटर म्हणतो, "संपर्क नाही." त्या दुसऱ्या कुठल्या दवाखान्याच्या यादीत आहेत का, हे माझ्या प्रोग्रॅमने शोधायचं. सर म्हणाले, "फेब्रुवारीत सादरीकरणाला पुण्याच्या कंपनीची माणसं येतील. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आणल्यास तर नोकरी पक्की समज." पुणे! हेल्थ डेटा ॲनालिस्ट! पाटी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

आमचे वडील, नाना, पिंप्राळ्यातल्या अख्ख्या कॉलनीला सांगत सुटले, "हेमांगी धुळ्याला चालली, दवाखान्याच्या कामाला." शेजारच्या काकू विचारतात, कोण आजारी आहे? हेल्थ इन्फर्मेटिक्स म्हणजे काय, हे नानांना दीड वर्षात चौदा वेळा तरी सांगितलं असेल. शेवटी त्यांनी स्वतःचंच बसवलं — "डॉक्टर माणसं तपासतात, ही त्यांचे कागद तपासते." असू दे. चुकीचं तरी कुठे आहे?

९ जानेवारी
धुळ्यात देवपुरात खोली मिळाली. खिडकी नाही. मेसची शेवभाजी अशी तिखट की कानातून धूर! मी खूश आहे.

१३ जानेवारी
आज प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. नावांवरून जुळवलं — शून्य. मग मोबाईल नंबरावरून जुळवलं, तर चौदा बायका म्हणजे एकच बाई आहे, असं उत्तर आलं! वय एकोणीस ते तेहतीस. रक्तगट चार. आणि आठ महिन्यांत चौदा बाळंतपणं! हसून हसून पोट दुखलं. आरोग्य केंद्राच्या लॅबमधला वॉचमन डोकावून गेला.

त्या नंबरावर फोन लावला. उचलला भागाबाईंनी. पिंपळनेरजवळच्या गावच्या, गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या आशाताई. म्हणाल्या, "त्यासनाजोडे फोन कोठे शे माय? मनाच नंबर टाकस मी." म्हणजे चौदाही जणींपुढे नंबर यांचाच!

१७ जानेवारी
एस.टी.ने भागाबाईंच्या गावाला जाऊन आले. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला तर आधी चहा प्यायला लावला. मग यादी वाचून दाखवली. त्या हसायलाच लागल्या. "तुना कॉम्प्युटरले इतलं बी माहीत नही? पहिलं बाळंतपण माहेरले ऱ्हास!"

डोक्यावर हात मारून घेतला मी! सासरी नोंद, बाळंतपण माहेरी. आणि माहेरी नाव वेगळं! आडनाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, आणि लग्नात नवऱ्याने नाव बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. माझी स्वतःची आई लग्नाआधी दीपमाला होती, आता नलिनी आहे. हे माहीत असून मी शहाणी नावं जुळवत बसले होते. कोल्हे सरांच्याही लक्षात आलं नाही, तेही नवरेच शेवटी!

भागाबाईंनी तांदळातले खडे काढता काढता एकेकीच्या माहेरचं गाव, बापाचं नाव सांगितलं. सगळं तोंडपाठ. स्वतःच्या गावच्याच नव्हे, आसपासच्या गावांतल्याही, चाळीस जणींचं. एक्केचाळिसावीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे." मी लिहिलं — माहेर माहीत नाही.

२१ जानेवारी
एकोणतीस!! एका फटक्यात एकोणतीस! कोणी चाळीसगावला, कोणी अमळनेरला, कोणी नंदुरबारला. सगळ्या आपापल्या आईकडे डिंकाचे लाडू खात बसल्यात आणि आम्ही इकडे त्यांना हरवल्या म्हणतोय. खोलीत एकटीच नाचले. खालच्या काकूंनी वर काठी ठोकली.

३ फेब्रुवारी
चाळीस! प्रत्येकीला फोन करून खात्री केली. एकीला जुळं आहे. एकीने फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं. मीही रडले, उगाचच.

आता एकच. पुणे एका बाईवर अडलंय!

५ फेब्रुवारी
आज आरोग्य केंद्रात त्या एक्केचाळिसावीचा नवरा आला होता. स्वच्छ शर्ट, अदबीने बोलणं. कुणी सांगितलं कोण जाणे, की इथे हरवलेल्या बायका सापडतात. "मॅडम, दसऱ्याला रुसून गेली. माहेरी जाऊन पाहिलं, तिथे नाही. पोटात माझं लेकरू आहे." डोळे भरले होते त्याचे. पिशवीभर पेरू घेऊन आला होता, आमच्यासाठी. मला इतकं भरून आलं! तिचं लग्नाआधीचं नाव, वडिलांचं नाव, गाव — सगळं त्याने सांगितलं. मी म्हटलं, "भाऊ, काळजी करू नका. आठ दिवसांत सापडलीच समजा."

पेरू गोड होते.

६ फेब्रुवारी
सापडली! एक्केचाळीस! एक्केचाळीस!! बऱ्याच लांबच्या एका केंद्रात, लग्नाआधीच्या नावाने. रक्तगट जुळला, तारखा जुळल्या. दुपारी खात्रीचा फोन करते, संध्याकाळी नवऱ्याला सांगते, मग नाना, मग सर!

७ फेब्रुवारी
काल पुढे लिहिता आलं नाही.

फोन तिनेच उचलला. मी आनंदात सांगून टाकलं, "ताई, तुमचे मिस्टर तुम्हाला शोधताहेत." मग म्हणाली, "ताई, तुमना पाया पडस. त्याले सांगू नका." पहिलं मूल कसं गेलं, ते तिने सांगितलं. सहाव्या महिन्यात. पोटावर लाथ. ते मी इथे नीट लिहूच शकत नाही. आता ठीक आहे. तपासण्या सगळ्या वेळेवर झाल्यात. बाळ हलतं.

तिचं नाव इथेही लिहीत नाही. गावही नाही.

मी मूर्ख! त्याचे पेरू खाल्ले मी! भाऊ म्हटलं त्याला! आठ दिवसांचा वायदा केला!

भागाबाईंना फोन केला. म्हणाल्या, "माले पहिलपाईन माहीत शे. मीच धाडेल शे तिले." मासिक सभेत "तुमची बाई हरवलीच कशी" म्हणून तीनदा बोलणी खाल्लीत त्यांनी, आणि दर वेळी खाली मान घालून तेच उत्तर दिलं — संपर्क नाही.

प्रोग्रॅममधली तिची जुळणी काढून टाकली. दोनदा तपासलं.

१० फेब्रुवारी
सादरीकरण आरोग्य केंद्रातच झालं. चाळीस सापडल्या, एक नाही. पुण्याच्या बाईंनी विचारलं, का नाही? म्हटलं, माझा प्रोग्रॅम कमी पडला. सर माझ्याकडे बघेनात. बाहेर आले तर तिचा नवरा उभाच होता, हातात पिशवी. त्यालाही तेच सांगितलं, डोळ्यांत बघून.