चार नंबरचे पंचवीस

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खाली मशीन खडखडतं, पण खिडकी मोठी आणि घरमालकीण बोलकी. इतकी बोलकी की बॅग उघडायच्या आत तिने माझं लग्न, पगार आणि वजन तिन्ही विचारून घेतलं.

नव्या नोकरीतला अतिदक्षता विभाग सहा खाटांचा, लखलखीत. मुख्य सिस्टरना सगळे ताई म्हणतात. वीस वर्षं इथेच आहेत, शीर बघताक्षणी सुई आत! मला आवडल्या. चहासुद्धा बरा होता.

आत्या, ही वही तू दिलीस, म्हणून सगळं सोपं करून लिहीन. भरली की वाचायला तुलाच देणार.

४ तारीख

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासनलिकेत जी नळी असते, तिच्याभोवती एक छोटा फुगा असतो. कफ म्हणतात त्याला. तो फुगलेला असला की हवा बाहेर पळत नाही आणि लाळ फुप्फुसात उतरत नाही. दाब वीस ते तीसच्या मधे हवा. कमी पडला तर न्यूमोनिया, जास्त झाला तर नलिकेला आतून जखम. तुला झाली तीच. पूर्वी तू गल्लीच्या टोकावरून मला हाक मारायचीस, आता टाळी वाजवतेस. तेव्हापासून दाब मोजायचं गेज मी स्वतःच्या पैशाने घेऊन खिशात बाळगते.

इथे कोणी मोजतच नाही! नळीला बाहेर जो इवलासा फुगा लोंबतो, तो दोन बोटांनी दाबायचा, मान हलवायची आणि भिंतीवरच्या मोठ्या वहीत लिहायचं पंचवीस. महिनोन् महिने पंचवीस. मी मोजलं तर एकाचा अठ्ठेचाळीस, एकीचा चौदा. आणि कहर म्हणजे चार नंबरची खाट रिकामी, मशीन बंद, तरी तिच्यापुढे रोज पंचवीस! मला हसू आवरेना.

मी खरे आकडे लिहिले आणि चारपुढे आडवी रेघ मारली. ताई म्हणाल्या, तिथे पंचवीस लिही, इथली पद्धत आहे. मी म्हटलं, जे नाही ते मी लिहीत नाही. त्या चिडल्या नाहीत. नुसत्या चार नंबरकडे बघत राहिल्या.

६ तारीख

तीन नंबरवर एक बसड्रायव्हर आहे, बेशुद्ध. त्याची बायको रोज येते. मी तिला वहिनी म्हणते. जीभ तिखट, पण माणूस सोन्यासारखं. गेज बघून म्हणाली की आमचे हे रोज सकाळी टायरला गेज लावूनच गाडी काढतात, बाकीचे नुसती लाथ मारून बघतात; इथे माझ्या नवऱ्याच्या गळ्याला लाथ मारून बघत होते होय! मी तिला काटा वाचायला शिकवलं. एका मिनिटात शिकली.

बाराला मी ड्रायव्हरचा दाब पंचवीस केला. एक वाजता आठ. फुग्याला भोक नाही, झडप ठीक. कफ सैल पडला की हवा स्वरयंत्रावरून निसटते आणि पेशंटच्या तोंडून गुरगुर येते, हे नेहमीचंच. पण आजची गुरगुर स्वच्छ ऐकू आली. मोजा, असा शब्द.

मला भास झाला असेल. हवा भरली आणि जेवायला गेले.

८ तारीख

भास नाही. आज दोन नंबरची म्हातारी आणि सहा नंबरचा गवंडी. दोघांचे कफ आपोआप सैल पडले, आणि दोन वेगळ्या तोंडांतून एकच आवाज आला. मोजा. भर दुपारी, लख्ख उजेडात. मग दोघांच्याही माना चार नंबरकडे वळल्या. दोघंही औषधाने गाढ झोपलेली.

सफाईच्या मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या की चारवर एकजण होता, शुद्धीत. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर दिवसभर एवढंच लिहायचा, मोजा. ताई फुगा दाबायच्या, पंचवीस लिहायच्या आणि त्याला उगी उगी करायच्या. नवव्या दिवशी गळ्यात आत रक्तवाहिनी फुटली. तेव्हापासून चारपुढे पंचवीस लिहिलं तरच बाकीच्या खाटा शांत राहतात.

मी घाबरले आहे, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा संताप जास्त आहे. मेलेला माणूस मोजा म्हणतोय आणि हे रोज त्याच्या तोंडात तोच खोटा आकडा कोंबतायत!

९ तारीख

ड्रायव्हरचा कफ दिवसात पाच वेळा सैल पडला. लाळ आत गेली, ताप एकशे तीन. ताईंनी माझ्यापुढे हात जोडले. एक आकडा लिही, त्याचा जीव वाचेल म्हणाल्या.

वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल. ती म्हणाली, तो मोजायला सांगतोय ना, मग मोज की! अडलंय कुठे?

खरंच, अडलंय कुठे? उद्या मोजणार.

१० तारीख

मोजलं. रिकाम्या खाटेवर, उशीपाशी गेजची नळी धरली. काटा शून्यावरच राहायला हवा.

बासष्ट.

लगेच मोठ्या वहीत लिहिलं. चार नंबर, बासष्ट. खाली सही ठोकली. त्यानंतर एकही कफ सैल पडला नाही. संध्याकाळी ड्रायव्हरचा ताप उतरला. वहिनीने मला सगळ्यांसमोर कवटाळलं. आत्या, मी जिंकले!

१२ तारीख

ताईंनी माझा बासष्ट खोडून वर पंचवीस केलेत. खाली सही माझीच. म्हणजे खोटं आता माझ्या नावावर.

कडाकडा भांडणार होते. आवाज फुटेना. घसा आतून फुगतोय— पाणीसुद्धा—

उद्या सकाळी नवा आकडा लिहीन. बासष्ट म्हणजे बासष्ट.

तारीख माहीत नाही

नळी घातलीय. रिकामी खाट एकच होती. चार.

वही उशीखाली सापडली. हात बांधलेले नाहीत, नशीब.

ताई आल्या. बाहेरचा फुगा दोन बोटांनी दाबला. लिहिलं पंचवीस. मी कागदावर लिहिलं— मोजा. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. उगी उगी म्हणाल्या.

पंचवीस नाहीये. मला कळतं. माझा गळा आहे.

दुसरा दिवस, बहुतेक

वहिनी आली. ड्रायव्हरची नळी निघाली. त्याचा पहिला प्रश्न, गाडी कोण चालवतंय. ती हसली आणि रडली. मलाही हसायचं होतं.

मी लिहिलं— माझ्या ॲप्रनचा खिसा. गेज.

तिने जोडलं. काटा बघून तिने आकडा मोठ्याने वाचला. बासष्ट.

ती हवा सोडतेय, मी शिकवलं तशी. काटा उतरत नाही— चौसष्ट—

ताईंनी तिचा हात धरलाय. बाजूला व्हा म्हणतायत. वहिनी हटत नाही. शाब्बास. तिला खूण केली, भिंतीवरची मोठी वही आण. तिच्यात माझ्या हाताने लिहिणार. सगळ्यांसमोर.

ती गेलीय. येईपर्यंत इथेच लिहिते. गेज जोडलेलंच आहे, काटा मला दिसतोय.

सदुसष्ट. रक्ताची चव येतेय.

आत्या, कोणी पंचवीस म्हणालं तर हे पान दाखव. सही करतेय. एकाहत्तर. मी मोजलंय, मी स्वतः मो—