अंतोनभावजींची वेगळी थाळी

४ ऑक्टोबर, तुकोगंज, संध्याकाळ

आज आमच्या धर्मप्रांताच्या आश्रयदात्या संतांचा सण. चर्चमध्ये फादरांनी मिस्सेत, सणाच्या प्रार्थनेत, त्यांची गोष्ट सांगितली. घोड्यावरून उतरून त्यांनी वाटेतल्या कुष्ठरोग्याला मिठी मारली होती. ऐकताना आमच्या ह्यांचे डोळे पाणावले.

घरी आलो तर धाकट्या दिरांची, अंतोनभावजींची थाळी नेहमीसारखी गॅलरीत. वेगळी थाळी, वेगळा गिलास. त्यांचा टीबी बरा होऊन वर्ष झालं, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलंय. पण हे म्हणतात, "डॉक्टर तो बोलतीलच. घरात छोटी पोरगी आहे ना?" सख्खा भाऊ यांचा. मग मघाशी ते डोळे कशाला पाणावले?

मी थाळी उचलून टेबलावर माझ्या शेजारी ठेवली. हे पोरीला घेऊन आत गेले.

भावजी बसले. दोन घास कसेबसे खाल्ले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, रहने दो. मला बाहेरच बरं. इथं बसलो की खोकला दाबण्यातच जेवण जातं."

ते उठले. बसा म्हणायचं होतं मला. पण मग त्यांना पुन्हा खोकला दाबत बसावं लागलं असतं.