उकळतं पाणी आणि तरवड

प्रिय भागवत,

गेल्या वर्षी घट बसायच्या दिवशी पहाटे अंघोळ करून मी अनवाणीच माळावर निघालो होतो. हातात परडी, ओठांत देवीचं नाव. आपल्या घटावरची पहिली माळ तरवडाची असते आणि ती फुलं तुझ्या आजोबांपासून त्याच उतारावरून येतात. बांध ओलांडला आणि वाटलं, अंधारात वाट चुकलो. उतारच नव्हता. सपाट जमीन, तिच्यावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे, आणि कडेला मुळं वर करून पडलेली झुडपं. फुलं अजून पिवळीधमक होती. उपटलेल्या झाडाची फुलं देवीला वाहावीत की नाही, हेही मला कळेना. रिकामी परडी घेऊन परत आलो. तुझ्या आईनं काही न विचारता झेंडूची माळ केली.

थोड्या वेळानं तुझा फोन आला. त्याआधी मी सोजराआत्याकडे बाळापूरला गेलो होतो, ते दोन दिवस साधून तू जेसीबी लावून उताराचा मुरूम उचलून घेतला होतास. "दादा, कसं वाटलं? आता चढायचं काम न्हाई. पुढच्या साली मोसंबी लावू. तुमच्या गुडघ्याची तकलीफ मला दिसत न्हाई काय?" किती आनंदात होतास तू! "बरं केलंस," एवढं म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला.

तुला आठवतं का, लहानपणी तू त्याच उतारावर शेळ्या न्यायचास. त्या बाभळीचे काटेही सोडायच्या नाहीत, पण तरवडाला तोंड लावायच्या नाहीत. "दादा, शेळ्यांना पण देवीचं झाड कळतं का?" असं तू विचारलं होतंस. मी कितीतरी दिवस ते घरोघर सांगत फिरलो होतो.

नाल्याच्या काठावर दोन झुडपं वाचली होती. माघात त्यांच्या वाळक्या शेंगा आणल्या, फुटक्या घमेल्यात माती भरून बी पेरलं. हरभरा टाकला की चार दिवसांत डोकं वर काढतो. हे बी मेल्यासारखं पडून राहिलं. पुन्हा पेरलं, सावली केली, पूजेचं तीर्थ घातलं. काही नाही. शेजारचा जळबा रोज कुंपणावरून विचारायचा, "काय ग्यानोबा, लोक तरवड उपटून फेकतेत अन् तू पेरून राहिला व्हय? उद्या कुसळं पेरशील!"

मग एका सकाळी घमेल्याला मुंग्या लागल्या आणि तुझ्या आईनं चुलीवरचं अंघोळीचं उकळतं पाणी त्यात ओतलं. वाफ निघताना मी पाहिली. मी ओरडलोच. ती म्हणाली, "नुसती माती तर हाय. इतक्या दिवसांत काय उगवलं त्यात?" मी न जेवताच शेतात निघून गेलो.

आठवडा झाला नसेल. तुळशीला पाणी घालताना सहज नजर गेली. घमेल्यात वाकड्या मानेचे हिरवे कोंब, एक नाही, घमेलंभर. हात जोडावेत की डोकं धरावं, सुचेना. विचारायला गेलो, तर गोरेगावच्या बाजारातला बियाणेवाला हसून म्हणाला, या बियांचं टरफल दगडासारखं असतं, गरम पाण्यानं ते मऊ पडतं, तेव्हा कुठे आत ओल जाते. इतकं साधं होतं ते.

घरी येऊन हे सांगितलं, तर तुझी आई हसली नाही. म्हणाली, "मीबी न विचारताच ओतलं. माझ्याशी त्याच सांजच्याला बोललात. लेकराशी काहून अजून धड बोलत न्हाई?" आपला अबोला कुणाला दिसत नाही, असं मी समजत होतो. उतार गेलेला पाहून हबकलो होतो, तसाच तेव्हाही हबकलो.

भागवत, उकळत्या पाण्यानं बी उघडलं, पण उतार आता परत येणार नाही. तू ते माझ्या गुडघ्यांसाठी केलंस, हेही तितकंच खरं. फोनवर मी पुन्हा "बरं" म्हणालो असतो, म्हणून लिहायला बसलो. मोसंबीची कलमं सांगून ठेवलीस, असं आईकडून कळलं. त्या कलमवाल्याला नको म्हणून कळव. यंदा घटाला घरी ये. नाल्याकाठची फुलं आपण दोघं मिळून आणू. माळावर फुलं यायला अजून वेळ आहे. त्या सपाट रानात आता मोसंबीला जागा नाही. काल सकाळी मी पहारीनं खड्डे घेतले, तुझ्या आईनं पाणी घातलं आणि बांधापासून बांधापर्यंत आम्ही तिथे तरवड लावला.

तुझाच,
दादा