पुढच्या ब्रेकचा कौल

बेळगाव,
ता. ५ जानेवारी २०२६

ती. स्व. गुरुदासकाका यांस शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

१. दिवाळीत तुम्ही भिकाजीकडून जुनी मोटारसायकल घेतलीत.
२. शकुंतलाकाकूने बाजाराला गेल्यावर, रेंज मिळाली तेव्हा, फोटो पाठवला. त्यात गाडी कमी आणि झेंडूचे हार जास्त होते.
३. मी काकूकडून चासी नंबरही तसाच मागवला आणि कंपनीच्या वेबसाइटवर घालून पाहिला.
४. या गाडीचे दोन रिकॉल बाकी आहेत. म्हणजे कंपनीने स्वतःची चूक कबूल करून फुकट दुरुस्तीला बोलावले आहे. एक, पुढच्या ब्रेकची नळी हँडल वळवताना घासते. ती फाटली की तेल गळते आणि ब्रेक लागत नाही. दोन, टाकीखालची वायर घासून इंजिन चालता चालता बंद पडते.
५. सूचनेचे पत्र मडगावच्या पहिल्या मालकाला गेले. भिकाजीला किंवा तुम्हाला कोणी कळवले नाही.
६. गाडी अजून दांडेलीच्या सर्व्हिस सेंटरला गेलेली नाही.

यातला सहावा मुद्दा तेवढा तुमच्या हातात आहे. मी कारखान्यात दिवसभर ब्रेकच्या नळ्याच तपासते, तेव्हा ही भित्र्या पुतणीची काळजी समजू नये. काकूला मागे बसवून उळवीच्या जत्रेला जायचा बेत आहे असे कळले. बेत छान आहे. वाटेत कुठे थांबायचाही बेत असेल, तर आधी दांडेलीला जाऊन या.

लोभ गाडीइतका नसला तरी थोडा माझ्यावरही राहू द्यावा.

आपली,
शिल्पा

•

जोयडा तालुका,
ता. १० जानेवारी

चि. शिल्पा हिस गुरुदासकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथं फोनला रेंज न्हाई म्हणून मी सुखात होतो, तर तू आता पोस्टातनं वरडायला लागलीस. इंजिनेरीणबाई, तुमच्या कंपनीनं गाडी परत बोलावली म्हणून मी न्हेऊन द्यायची व्हय? मागं निवडणुकीला शेजारच्या वासूनं नियमापरमाणं आपली बंदूक पोलिसात जमा केली. ती हातात पडायला दुसरी निवडणूक उजाडली. तोवर रानडुकरांनी त्याचं भात मोजून खाल्लं. सरकारचं हे, तर कंपनीचं काय सांगावं!

तरी तुझं मन मोडू नये म्हणून गुरवाला सांगून गावदेवाला कौल लावला. गाडी कंपनीला परत द्यायची काय, असं विचारलं. देवाच्या अंगाला लावलेल्या कळ्यांतली डावी कळी पडली. डावी म्हंजे न्हाई, हे बेळगावात राहून विसरली असशील म्हणून लिहितो.

आणि पुढचा ब्रेक भित्र्या माणसांसाठी असतोय. मला मागचा पुरतो. तुझी काकू नवं लुगडं काढून बसली हाय, जत्रेला आम्ही गाडीवरनंच जाणार. तू ये, तुलाही एक फेरी मारून आणतो.

तब्येतीला जप. आमच्यावरची माया नळीसारखी घासू देऊ नको.

तुझा काका,
गुरुदास

•

बेळगाव,
ता. १४ जानेवारी

ती. स्व. काका यांस शि. सा. न. वि. वि.

देवाचे उत्तर बरोबर आहे. गाडी कंपनीला द्यायची नाहीच. कोणी मागितलेलीही नाही. तुम्ही सकाळी ती दांडेलीला न्यायची, ते नळी आणि वायर बदलणार, दुपारचे जेवण तुम्ही घरी येऊन करणार. देवाला तुम्ही जे विचारलेत, त्याचेच उत्तर त्याने दिले. आमच्या कारखान्यातली यंत्रेही तेवढेच करतात. भलता प्रश्न घातला तर खरे पण निरुपयोगी उत्तर देतात.

मागचा ब्रेक पुरतो हेही मान्य. सपाट रस्त्यावर, एकट्याला, हळू जाताना पुरतो. उळवीच्या वाटेवर सपाट रस्ता कुठे आहे ते कळवल्यास उपकार होतील. उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचे चाक घसरते, आणि काकू त्याच बाजूला बसलेली असते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाडी स्टँडवर लावा, हँडल पूर्ण डावीकडे वळवा आणि नळी कुठे घासते ते पाहा. मग ब्रेकची मूठ दाबा. ती अर्ध्यावर घट्ट लागली पाहिजे. एवढ्याला गुरव लागत नाही.

फेरीचे निमंत्रण मिळाले. मी बसने येईन. रागावू नये, रागावल्यास पत्रातून रागवावे.

आपली,
शिल्पा

•

जोयडा तालुका,
ता. १९ जानेवारी

चि. शिल्पास शकुंतलाकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, हसले आणि सुपारी काढायला गेले. मग मी पाटावर बसून गाडी तपासली. हँडल वळवलं. मूठ दाबली, तर ती सरळ दांड्याला जाऊन टेकली, पावात बोट गेल्यागत. नळीखाली हात फिरवला तर तेल लागलं. पदराला पुसलं, ते निघालं न्हाई.

मी तशीच गुरवाकडं गेले आणि मीही कौल लावला. या गाडीवर मी मागं बसू काय, एवढंच विचारलं. डावीच पडली. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, बाईमाणसाचा कौल गाडीला लागू होत न्हाई. मी म्हटलं, मग बाईमाणूस गाडीला तरी कशाला लागू करता? तवापासून बोलणं बंद हाय. जेवण मात्र चालू हाय.

आता ठरलंय असं, की मी जत्रेला बसनं जायचं आणि ह्यांनी एकट्यानं गाडीवरनं. भिकाजीसमोर बोलून बसलेत, आता माघार घेववत न्हाई. मला बस चालती गे. पण खिडकीतनं ह्यांना तो उतार उतरताना बघायला मी बसमधी बसणार न्हाई. तू लिही. माझं कानावर पडतं, तुझं निदान वाचतात.

आठवण ठेव, आणि माझ्या या पत्राचं त्यांना सांगितलंस तरी चालंल.

तुझी काकू,
शकुंतला

•

बेळगाव,
ता. २३ जानेवारी

ती. स्व. गुरुदासकाका यांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जोयड्याच्या बसच्या कंडक्टरकडे देत आहे, जत्रा तोंडावर आली आहे, पोस्टाची वाट पाहायला वेळ नाही.

काकूने गाडी तपासली ती आमच्याकडच्या नव्या मुलांपेक्षा नीट तपासली. नळी फाटेल, असे मी पहिल्या पत्रात सुचवले होते. ते चुकले. ती फाटली आहे. म्हणून दांडेलीला गाडी घेऊन जा, हेही मी मागे घेते. तिच्यावर बसू नका. दुकानापर्यंतही नाही.

तुमच्या गावच्या कान्हूचा टेम्पो गुरुवारी, २९ तारखेला, माल आणायला दांडेलीला रिकामा जातो. त्याच्याशी बोलले आहे. सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला आहे. नळी आणि वायर आली आहे. गाडी कितव्या मालकाकडे आहे हे ते विचारत नाहीत. तुम्ही टेम्पोत गाडीशेजारीच बसा, म्हणजे ती कोणी पळवणार नाही. भिकाजीला सांगा की शिल्पाने हट्ट धरला, डोके खाल्ले, ऐकेना. माघार माझ्या नावावर घाला, मला बेळगावात तिचा काही त्रास नाही.

एक प्रश्न मात्र मला विचारायचा आहे, आणि तो देवापुढे नेऊ नका, तुम्हीच उत्तर द्या. जत्रेत काकू बसमधून उतरली आणि तुम्ही आला नसाल, तर तिने नव्या लुगड्यात किती वेळ उभे राहायचे?

यात विनोद नाही. लोभ आहे, म्हणून लिहिले.

गाडी टेम्पोत चढवणार की नाही, ते याच कंडक्टरकडे चिठ्ठी देऊन बुधवार, २८ जानेवारीपर्यंत कळवावे.

आपली,
शिल्पा